पैसे नेमके कशाचे? विंडोज सिंगल लँग्वेज, होम आणि प्रो यांतला फरक

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लॅपटॉपचं कोटेशन घेतलं की प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीच्या खाली एक बारीक ओळ असते: ‘डब्ल्यू११ एचएसएल’. गिऱ्हाईक किमतीवर घासाघीस करतं, बॅग-माउस पदरात पाडून घेतं, पण या ओळीबद्दल सहसा विचारत नाही. एचएसएल म्हणजे होम सिंगल लँग्वेज. आपल्याकडे मिळणाऱ्या घरगुती लॅपटॉपांवर बहुतेक वेळा हेच विंडोज असतं. तेच मॉडेल ‘प्रो’सह मागितलं की आकडा काही हजारांनी चढतो, आणि चढलेल्या पैशांत काय मिळालं हे दुकानात क्वचितच कोणी नीट सांगतं. कोणत्या एडिशनमध्ये काय आहे, कोणाला कशाची गरज पडते, फसगत कुठे होते आणि या दरांत न्याय कितपत आहे, ते इथे सविस्तर बघू.

आत सगळं एकच

होम आणि प्रो ही दोन वेगळी सॉफ्टवेअरं आहेत असा सर्वसाधारण समज असतो. तसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल उतरवून पेनड्राइव्ह बनवला, तर त्या एकाच फाइलमध्ये होम, सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन अशी सगळी एडिशनं असतात. त्यातलं कोणतं उघडायचं ते ‘की’, म्हणजे लायसन्सची अक्षरी किल्ली, ठरवते. होमवर चालणाऱ्या पीसीला प्रोची की दिली तर विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही. मशीन रीस्टार्ट होतं आणि काही मिनिटांत प्रो होऊन उभं राहतं. फाइली, टॅली, प्रिंटर सगळं जागच्या जागी. कारण प्रोचा बहुतेक सगळा कोड तुमच्या डिस्कवर आधीपासून होता, फक्त बंद होता.

याचा अर्थ असा की प्रोची एक प्रत जास्त विकायला मायक्रोसॉफ्टला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च झाला तो विंडोज लिहिताना, आणि पुढे दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट तयार करताना. लोखंडाच्या कास्टिंगला जसा किलोमागे कच्च्या मालाचा हिशेब लावता येतो, तसा सॉफ्टवेअरच्या प्रतीला लावता येत नाही. म्हणून किंमत ठरते ती घेणाऱ्याच्या गरजेवर आणि ऐपतीवर.

ही रीत जुनी आहे. १९९६ साली विंडोज एनटी ४.० वर्कस्टेशन आणि सर्व्हर अशा दोन एडिशनांत आलं आणि दोन्हींच्या किमतीत मोठी तफावत होती. संगणक-पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ’रायली आणि लेखक अँड्र्यू शुलमन यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की दोन्हींचा गाभा एकच आहे. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीतल्या, काही नोंदी बदलल्या की वर्कस्टेशन स्वतःला सर्व्हर समजू लागतं. हार्डवेअरमध्येही हेच झालं. इंटेलचा १९९१ चा ४८६ एसएक्स हा ४८६ डीएक्सच होता, फक्त त्यातला गणिती भाग बंद केलेला. नंतर ‘गणिती चिप’ म्हणून जी ४८७ विकली गेली ती प्रत्यक्षात पूर्ण ४८६ होती. ती बसवली की मूळ चिप झोपी जायची. आयबीएमने लेझर प्रिंटरचं स्वस्त मॉडेल काढलं तेव्हा मिनिटाला १० पानं काढणाऱ्या यंत्राला मुद्दाम ५ पानांवर आणलं. अर्थशास्त्रात अशा मालाला ‘मुद्दाम खराब केलेला माल’ असंच म्हणतात. माल कमी करायला मेहनत लागते आणि तो कमी किमतीला विकला जातो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खटकते. पण ती नेहमीच अन्यायाची असते असं नाही. त्याकडे पुढे येऊ.

प्रोमध्ये जास्तीचं काय

आधी जे वेगळं नाही ते सांगून टाकतो. वेग सारखाच. गेम, फोटोशॉप, ऑटोकॅड, टॅली यांना होम आणि प्रो सारखेच. अँटिव्हायरस सारखाच. ‘प्रो टाकलं की लॅपटॉप फास्ट होतो’ असं कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. होम १२८ जीबी रॅम आणि एक प्रोसेसर सॉकेट इथपर्यंत चालतं, प्रो २ टीबी रॅम आणि दोन सॉकेट. घरात किंवा साध्या ऑफिसात या मर्यादेला कोणाचं डोकं लागत नाही.

खरा फरक ऑफिसच्या कामात दिसतो. प्रो ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनला किंवा मायक्रोसॉफ्ट एंट्राला जोडता येतं, म्हणजे वीस पीसींचे पासवर्ड आणि परवानग्या एका जागेवरून सांभाळता येतात. ग्रुप पॉलिसी एडिटर प्रोमध्येच असतो. पेनड्राइव्ह चालू द्यायचा नाही, कंट्रोल पॅनेल उघडू द्यायचं नाही, असे नियम तिथे लावतात. यातलं बरंचसं होममध्ये रजिस्ट्रीतून हाताने करता येतं, पण प्रत्येक पीसीवर वेगळं बसून. हायपर-व्ही (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवण्याची सोय) आणि विंडोज सँडबॉक्स (अनोळखी प्रोग्राम वेगळ्या जागेत चालवून बघण्याची सोय) हेही प्रोमध्येच. व्हर्च्युअल मशीनपुरतं व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि ते होमवर चालतं, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने एवढ्यासाठी प्रो घ्यायची गरज नाही.

अपडेटचं बघा. होममध्ये अपडेट जास्तीत जास्त ५ आठवडे थांबवता येतं. प्रोमध्ये पॉलिसी लावून मोठं वार्षिक अपडेट ३६५ दिवसांपर्यंत आणि महिन्याचं सुरक्षा अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवता येतं. मार्चअखेरच्या धांदलीत सीएच्या ऑफिसात पीसीने आपणहून मोठं अपडेट सुरू करू नये असं वाटत असेल, तर ही सोय कामाची आहे. रोजच्या कामापुरतं ‘ॲक्टिव्ह अवर्स’ मात्र दोन्हींत आहेत. ते १८ तासांपर्यंत लावा, कामाच्या वेळेत मशीन आपणहून रीस्टार्ट होणार नाही.

रिमोट डेस्कटॉपबद्दल सर्वात जास्त गोंधळ असतो. होमवरून दुसऱ्या पीसीत शिरता येतं. पण होम असलेल्या पीसीत बाहेरून शिरता येत नाही. म्हणजे गोकुळ शिरगावच्या युनिटमधल्या पीसीवर रात्री घरून काम करायचं असेल तर प्रो युनिटमधल्या पीसीला लागेल, घरच्या लॅपटॉपला होम पुरेसं. हे उलटं समजून घरच्या लॅपटॉपसाठी प्रो घेणारे पुष्कळ आहेत. एवढ्या एकाच कामासाठी पैसे घालायचे नसतील तर रस्टडेस्कसारखं मुक्त सॉफ्टवेअर होमवर चालतं. आणि काहीही करा, पण रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. खंडणीखोर व्हायरस त्याच दाराने आत येतात. मध्ये व्हीपीएन हवाच.

आता बिटलॉकर, म्हणजे पूर्ण डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. तिचे सगळे अधिकार प्रोला: सुरू होण्याआधी पिन विचारणं, पेनड्राइव्ह कुलूपबंद करणं, वेगवेगळ्या ड्राइव्हना वेगळे नियम. होमला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाची त्याचीच कापलेली आवृत्ती मिळते, तीही लॅपटॉप पात्र असेल तर. पात्र नसेल तर सेटिंग्जमध्ये तो पर्यायच दिसत नाही. मोफत व्हेराक्रिप्ट वापरता येतं, पण ते लावायला थोडी जाण लागते.

इथे एक गोष्ट जपून वाचा, कारण यात लोकांचा डेटा कायमचा जातो. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होममध्येही. कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. आता दुकानदाराने घाईत स्वतःच्या ई-मेलवरून किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या खात्यावरून सेटअप करून दिला, आणि वर्षाने बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, की निळा पडदा येतो आणि ४८ आकडे मागतो. ती की दुसऱ्याच्या खात्यात असते आणि खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही, कुलूप त्यासाठीच असतं. म्हणून नवा लॅपटॉप स्वतःच्या खात्यानेच सुरू करा. पहिल्याच दिवशी ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं उघडून उपकरणांच्या यादीत जा, रिकव्हरी की शोधा, कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घराच्या कपाटात ठेवा. एन्क्रिप्शन चालू आहे का ते सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त दिसतं.

एकच भाषा, आणि ती इंग्रजी

सिंगल लँग्वेजमधली कापणी आपल्याला थेट लागते. या एडिशनमध्ये विंडोजच्या मेनूंची भाषा एकच राहते. सेटिंग्जमध्ये मराठी जोडायला गेलात तर तुमचं लायसन्स एकाच प्रदर्शनभाषेचं आहे अशी सूचना येते. विंडोजचे मेनू मराठीत दाखवणारा भाषासंच तयार आहे. पण आपल्या बाजारात इंग्रजीवर बंद करून आलेल्या लॅपटॉपवर तो लागत नाही. साध्या होममध्ये ही आडकाठी नाही, प्रोमध्येही नाही.

मराठी टायपिंगला मात्र कुठल्याच एडिशनमध्ये अडथळा नाही. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी जोडा, कीबोर्डमध्ये ‘मराठी फोनेटिक’ निवडा (ही सोय विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आहे), किंवा इनस्क्रिप्ट येत असेल तर ते घ्या. विंडोजची कळ दाबून स्पेस मारला की भाषा बदलते. या कामासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

लायसन्स कशाला चिकटलेलं असतं

किमतीतला दुसरा फरक लायसन्सच्या जातीमुळे पडतो. लॅपटॉपसोबत येतं ते ओईएम लायसन्स. ते स्वस्त असतं, कारण ते पहिल्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं आणि त्याच्यासोबतच संपतं. रिटेल लायसन्स महाग, पण जुन्या पीसीवरून काढून नव्यावर नेता येतं. तिसरं व्हॉल्यूम लायसन्स: कंपन्या, विद्यापीठं, सरकारी खाती यांच्यासाठी, ते एकट्यादुकट्याला विकत मिळत नाही.

कोल्हापुरात हा भेद पुराने शिकवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी तळमजल्यांत शिरलं. पाण्यात गेलेल्या पीसीची हार्ड डिस्क कधीकधी वाचते, मदरबोर्ड क्वचितच. मदरबोर्ड बदलला की ओईएमवालं विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणू लागतं, आणि नियमाप्रमाणे नवं लायसन्स घ्यावं लागतं. अपवाद एकच: वॉरंटीत कंपनीने स्वतः बोर्ड बदलून दिला तर. रिटेल लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबून ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगता येतं आणि ते परत चालू होतं. ज्यांचं ऑफिस पूररेषेत आहे आणि पीसी सुटे भाग जोडून घेतलेला आहे, त्यांना रिटेलचे जास्तीचे पैसे परवडतात. लॅपटॉपवाल्याला नाही, तिथे बोर्ड गेला म्हणजे बहुधा लॅपटॉपच गेला.

आजच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये की स्टिकरवर नसून बायोसमध्ये कोरलेली असते. विंडोज नव्याने टाकताना सेटअप ती आपोआप वाचतो. त्यामुळेच सिंगल लँग्वेजच्या लॅपटॉपवर प्रो टाकायला गेलं तर सेटअप एडिशन न विचारता परत सिंगल लँग्वेजच टाकतो आणि माणूस बुचकळ्यात पडतो. पेनड्राइव्हमधल्या ‘सोर्सेस’ फोल्डरमध्ये ‘ईआय डॉट सीएफजी’ नावाची छोटी फाइल ठेवून त्यात चॅनेल रिटेल असं नमूद केलं की तो एडिशन विचारतो. त्याहून सोपं म्हणजे आहे ते चालू द्यावं आणि विकत घेतलेली प्रोची की ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर घालावी.

जुन्या लॅपटॉपच्या बाजारात यातून एक फायदा निघतो. मोठ्या कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांच्या बायोसमध्ये बहुधा प्रोची की असते. प्रो हवं असेल आणि खिसा लहान असेल तर असा लॅपटॉप घेणं शहाणपणाचं. फक्त बोर्ड बदललेला नाही ना ते बघा आणि विंडोज ११ ला तो चालतो का ते तपासा. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात.

पाचशे रुपयांची की

ऑनलाइन बाजारात प्रोची की पाचशे-सातशे रुपयांत मिळते. ती बहुतेकदा एखाद्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेली असते. आज चालू होते, कारण त्या कंपनीचा कोटा शिल्लक असतो. उद्या मायक्रोसॉफ्टने ती अडवली की ॲक्टिव्हेशन जातं आणि विकणारा सापडत नाही. बिलही नसतं.

आपल्या पीसीवर काय आहे ते एका मिनिटात कळतं. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबा. चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि एक्स-पी-आर, आणि एंटर. मशीन कायमचं ॲक्टिव्हेट झालंय असं आलं तर पहिली परीक्षा पास. ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन’ अमुक तारखेला संपेल असं आलं आणि ती तारीख सहा महिन्यांच्या आत असेल, तर ते केएमएस ॲक्टिव्हेशन आहे. केएमएस ही कंपन्यांची पद्धत: ऑफिसातला एक सर्व्हर सगळ्या पीसींना १८० दिवसांची मुदत देतो आणि ती सतत वाढवत राहतो. तुमच्या घरात असा सर्व्हर नाही. म्हणजे दुकानातल्या कोणीतरी नकली केएमएस चालवणारं सॉफ्टवेअर टाकलंय, आणि ते टाकताना अँटिव्हायरस बंद केला असण्याची शक्यता दाट. मग एक्स-पी-आरच्या जागी डी-एल-आय लिहून पुन्हा बघा. तिथे चॅनेल दिसतं: ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम. घरच्या पीसीवर ‘एंटरप्राइज’ लिहिलेलं दिसलं तर शंकेला जागाच नाही, कारण ते एडिशन सुटं विकलंच जात नाही.

कायद्याचं सांगायचं तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३बी स्पष्ट आहे. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. धंद्याच्या ठिकाणी ही सूट नाही, हे कारखानदारांनी लक्षात ठेवावं.

ऑफिसातला ‘सर्व्हर’

शिरोली किंवा उद्यमनगरातल्या मध्यम युनिटमध्ये बहुधा एक पीसी कोपऱ्यात दिवसरात्र चालू असतो. त्यावर टॅलीचा डेटा आणि ड्रॉइंगची फोल्डरं शेअर केलेली. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात, पण आत साधं विंडोज प्रो असतं. हे चालतं आणि नियमातही बसतं, पण २० जोडण्यांपर्यंतच. एकविसावं उपकरण आलं की ‘आणखी जोडणी करता येणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. इथे माणसं मोजली जात नाहीत, उपकरणं मोजली जातात: ऑफिसातले पीसी, मालकांचा लॅपटॉप, स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारी झेरॉक्स मशीन, सगळे धरून. संदेश आला की लोक स्विच आणि केबल बदलत बसतात; दोष तिथे नसतोच.

दुसरी मर्यादा रिमोट डेस्कटॉपची. प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस. बाहेरून कोणी शिरलं की समोर बसलेल्याचा पडदा बंद. चार अकाउंटंटनी एकदम काम करावं म्हणून विंडोजची फाइल बदलणारी जुगाडं सर्रास टाकली जातात. ती लायसन्सच्या बाहेर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मोडतात. मग अपडेटच बंद केले जातात, आणि पुढचा धोका तिथून सुरू होतो.

यावर कायदेशीर उत्तर विंडोज सर्व्हर, आणि तिथे हिशेब वाढतो. सर्व्हर २०२५ स्टँडर्डची अमेरिकेतली छापील किंमत १६ कोअरला १,१७६ डॉलर. त्यावर प्रत्येक माणसामागे किंवा उपकरणामागे कॅल नावाचं वेगळं लायसन्स, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी आणखी एक कॅल. दहा-पंधरा माणसांच्या युनिटला हे जड जातं. त्यांच्यासाठी ‘एसेन्शियल्स’ नावाचं एडिशन आहे: २५ माणसं, ५० उपकरणं, साध्या वापराला कॅल लागत नाही. ते सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनसोबतच मिळतं आणि आपणहून विचारल्याशिवाय कोटेशनमध्ये सहसा येत नाही. नुसती फाइल शेअरिंगच हवी असेल तर लिनक्सवर चालणारा साधा एनएएस, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना फाइली देणारी पेटी, पुरतो. त्यात कॅलची भानगड नाही, आणि २० ची मर्यादाही नाही.

न्याय कुठे, अन्याय कुठे

एकाच मालाचे दोन दर लावणं मुळात चूक मानता येत नाही. उद्या मायक्रोसॉफ्टने एकच एडिशन, एकच किंमत असं ठरवलं तर ती किंमत होम आणि प्रो यांच्या मध्ये कुठेतरी पडेल, आणि बारावीच्या पोराचा लॅपटॉप महाग होऊन फाउंड्रीच्या ऑफिसातला स्वस्त होईल. त्यात करांचीही भर. लॅपटॉपवर आणि सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत कारखानदार तो इनपुट क्रेडिटमधून वळता करून घेतो, शिवाय संगणक आणि सॉफ्टवेअरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. विद्यार्थ्याच्या वडिलांना दोन्हींतलं काही मिळत नाही. डोमेन, ग्रुप पॉलिसी, हायपर-व्ही या धंद्याच्या सोयी; त्यांचे पैसे धंद्याने द्यावेत हे रास्तच आहे.

पण कापताना काय कापलं यावर न्याय ठरतो. एखादी सोय काढल्याने होमवाल्याचं काहीच अडत नसेल तर तक्रारीला जागा नाही. सुरक्षा मात्र तशी सोय नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधले आधारचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं घरच्या माणसाचीही तितकीच मोलाची असतात. डिस्कच्या कुलपावरचे पूर्ण अधिकार फक्त प्रोला देणं याचं समर्थन करता येत नाही. होमला एन्क्रिप्शन आपोआप मिळू लागलं ही सुधारणा खरी, पण पिन लावायचा किंवा पेनड्राइव्ह कुलूपबंद करायचा हक्क अजून नाही.

मातृभाषेचंही तेच. भाषासंच तयार आहे, तो देण्याला खर्च नाही, आणि ज्याला इंग्रजी मेनू कळत नाहीत तो सहसा महागडा लॅपटॉप घेणारा नसतो. सर्वात स्वस्त एडिशनमधून नेमकी तीच गोष्ट काढली जाते. २००० च्या दशकात भारतासह काही देशांत विंडोज एक्सपी स्टार्टर विकलं गेलं, त्यात एका वेळी तीनच प्रोग्राम चालायचे. विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर डेस्कटॉपचं चित्रही बदलता येत नव्हतं. त्या मर्यादा गेल्या, कारण लोकांनी त्या नाकारल्या. एका भाषेची मर्यादा टिकली, कारण आपण ती विचारतच नाही.

तुलनेसाठी इतरांकडे बघा. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून मॅकओएस मोफत केलं आणि घरगुती-धंदेवाईक असे भेद ठेवले नाहीत. पैसे तो यंत्राच्या किमतीत घेतो. उबंटू हे लिनक्स मोफत आहे, एका एलटीएस (लांब मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट. उबंटू प्रोने ती १० वर्षं होतात आणि वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत तेही फुकट. पैसे कंपन्यांकडून घेतले जातात, आणि घेतात ते मदतीसाठी. मला ही विभागणी सर्वात प्रामाणिक वाटते: माल सगळ्यांना सारखा, मदत हवी त्याने मदतीचे पैसे द्यावेत.

अपडेटच्या मुदतीवर दर लावण्याची पद्धत विंडोजमध्येही आहे, पण ती नीट समजून घ्यावी लागते. विंडोज १० एंटरप्राइज एलटीएससी २०२१ या लांब मुदतीच्या एडिशनला अपडेट १२ जानेवारी २०२७ पर्यंत. आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ ला, जवळपास त्याच सॉफ्टवेअरला, १३ जानेवारी २०३२ पर्यंत. सीएनसी आणि व्हीएमसी मशीनच्या पॅनेलवर बहुधा हे आयओटीवालं असतं. विंडोज १० संपलं म्हणून कोणी तुमच्या मशीनचं विंडोज बदलायला निघाला तर आधी पॅनेलवरचं स्टिकर वाचा. कदाचित अजून काही वर्षं हात लावायची गरज नसेल, आणि हात लावला तर मशीनच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बंद पडायची भीती वेगळी.

साध्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापराला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, अपडेट मिळण्याची सोय ठेवली गेली: ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवून फुकट. धंद्याला पहिल्या वर्षी प्रत्येक पीसीला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४, आणि उशिरा आलात तरी मागच्या वर्षांचे भरावे लागतात. दहा पीसींच्या युनिटला तीन वर्षांचे ४,२७० डॉलर होतात. एवढ्या पैशांत विंडोज ११ चालणारे जुने लॅपटॉप सहज येतील, म्हणून ही वाट फक्त ज्या पीसीला एखादं जुनं यंत्र बांधलेलं आहे त्याच्यासाठी धरा.

नवा पीसी घेताना प्रो लागणार असेल तर तो पहिल्याच कोटेशनमध्ये मागा. अमेरिकेत होम १३९ डॉलर, प्रो १९९.९९, आणि होमवरून प्रोवर जायला ९९. आधी होम घेऊन मग चढणारा ३८ डॉलर जास्त भरतो. लॅपटॉपसोबतचं प्रो तर रिटेल प्रोपेक्षा बरंच स्वस्त पडतं. रुपयांतला चालू दर तुमच्याच पीसीवर ‘ॲक्टिव्हेशन’ पानावरच्या ‘अपग्रेड’मधून दिसतो. बिलावर एडिशनचं पूर्ण नाव आणि ओईएम की रिटेल हे लिहून घ्या. ‘विंडोज इन्स्टॉल करून’ एवढंच लिहिलेलं बिल लायसन्सचा पुरावा होत नाही. आणि प्रो नको असेल तर निदान एवढं विचारा: हेच मॉडेल साध्या होममध्ये, सिंगल लँग्वेजशिवाय, मिळतं का? बहुतेक दुकानांत उत्तर ‘नाही’ असेल. तरी विचारा, कारण पुढचा माल कोणता मागवायचा हे डीलर अशाच प्रश्नांवरून ठरवतो.